पणजोबांचे गाव कोणते?
(अभ्यासपाठ : जनगणना, चर्चच्या नोंदवह्या आणि आपले पूर्वज)



नोव्हेंबर महिना मृत विश्वासणाऱ्यांच्या स्मरणाचा. या महिन्यात आपण कबरस्तानात जातो, मेणबत्त्या लावतो आणि घरातील मृतांची नावे चिठ्ठीवर लिहून मिस्सासाठी देतो. ही चिठ्ठी लिहिताना आम्हा भावंडांचा हात दरवर्षी एका नावाशी थांबत असे. वडिलांचे नाव लिहून होई, आजी-आजोबांचे लिहून होई आणि मग पणजोबांची पाळी येई. त्यांचे नाव ठाऊक होते. पण ते कोणत्या गावचे, कोणाचे पुत्र, त्यांचा बाप्तिस्मा कुठे झाला, यातले काहीच ठाऊक नव्हते. घरात एवढेच सांगितले जाई की पणजोबा रेल्वेत खलाशी होते आणि आपण मूळचे गोव्याचे. गोव्याचे कशावरून? तर आपले आडनाव पोर्तुगीज आहे म्हणून.

आमची आत्या या बाबतीत फार ठाम होती. "आपण गोव्याच्या जुन्या घराण्यातले," असे ती प्रत्येक लग्नकार्यात सांगायची. पुढे नातवंडे विचारू लागली, "आत्याआजी, गोव्यात कोणते गाव?" याचे उत्तर कोणाजवळच नव्हते. म्हणून आम्ही शोध घ्यायचे ठरवले. त्या शोधात आम्ही जे शिकलो ते आपल्या धर्मग्रामातील इतर कुटुंबांच्याही उपयोगी पडेल, असे वाटल्यावरून हा पाठ लिहीत आहोत.

१. जनगणनेत नाव मिळेल का?

आमची पहिली समजूत अशी की सरकारने दर दहा वर्षांनी माणसे मोजली, म्हणजे पणजोबांचे नाव कुठेतरी लिहिलेले असणारच. ही समजूत अनेकांची असते, म्हणून आधी तिच्याविषयी.

हिंदुस्थानातील पहिली मोठी जनगणना १८७२ च्या सुमारास झाली, पण ती सगळीकडे एकाच वेळी झाली नव्हती. संपूर्ण देशात एकाच वेळी झालेली पहिली जनगणना १८८१ ची. तेव्हापासून दर दहा वर्षांनी २०११ पर्यंत ती होत आली. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही. पुढच्या जनगणनेसाठी १६ जून २०२५ रोजी अधिसूचना निघाली आणि देशाच्या बहुतेक भागासाठी १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक ठरवण्यात आला.

गणना करणारा माणूस घरोघरी जाऊन नाव, वय, धर्म, धंदा लिहून घेत असे, हे खरे. पण त्या कागदांचा उपयोग आकडे काढण्यापुरता होता. जिल्ह्यात किती पुरुष, किती स्त्रिया, किती ख्रिस्ती, किती विणकर, एवढे कोष्टकात उतरले की घरोघरचे कागद जपून ठेवले जात नसत. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा जनगणना कायदा आला. त्याच्या १५ व्या कलमानुसार जनगणनेतील व्यक्तिगत नोंद कोणालाही पाहता येत नाही आणि ती पुरावा म्हणूनही वापरता येत नाही. लोकांनी न भिता खरी माहिती द्यावी, हा त्यामागचा हेतू आहे.

इंग्लंड आणि आयर्लंडची गोष्ट वेगळी आहे. इंग्लंडमध्ये जनगणनेचे घरोघरचे कागद शंभर वर्षांनी लोकांसाठी खुले होतात. १९२१ चे कागद जानेवारी २०२२ मध्ये खुले झाले. आयर्लंडचे १९०१ आणि १९११ चे कागद कोणालाही विनामूल्य पाहता येतात. म्हणून ज्यांच्या घराण्यात एखादा इंग्रज किंवा आयरिश सैनिक, गार्ड वा ड्रायव्हर होता, त्यांना त्याच्या मूळ घराचा पत्ता तिकडच्या जनगणनेत मिळू शकतो. आपल्यासारख्यांना तो मार्ग नाही.

तरीही आपल्या जनगणनेचे आकडे निरुपयोगी नाहीत. १८९१ पेक्षा १९०१ मध्ये मध्य प्रांताची लोकसंख्या कमी भरली. दहा वर्षांत माणसे वाढायची ती घटली. याचे मोठे कारण १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दोन दुष्काळ आणि त्यांच्या मागोमाग आलेली रोगराई. हा आकडा आम्ही प्रथम वाचला तेव्हा त्याचा आमच्या घराशी काही संबंध असेल, असे आमच्या मनातही आले नव्हते.

२. गोंदियाचे बदललेले पत्ते

कागद शोधायचे तर ते कोणत्या दप्तरात शोधायचे हे आधी कळले पाहिजे. आपला गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यामुळे मुर्री असो वा आसपासचे कोणतेही गाव, १९९९ च्या आधीचे कागद भंडारा जिल्ह्याच्या नावाखाली असतात. विसाव्या शतकाच्या आरंभी तर गोंदिया हे तिरोडा तहसिलीतले एक स्टेशन म्हणून ओळखले जाई. प्रांताचे नावही बदलत गेले. आधी मध्य प्रांत, मग मध्य प्रांत व वऱ्हाड, १९५० पासून मध्य प्रदेश, १९५६ पासून मुंबई राज्य आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र. माणूस आपल्या घरातून हलला नाही तरी कागदावर त्याचा पत्ता इतक्या वेळा बदलला आहे.

ज्यांत माणसाचे नाव मिळते असे सरकारी कागद आपल्या भागात आहेत. गावच्या जन्म-मृत्यूची नोंद असलेले कोतवाल बुक, शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, जमिनीचे बंदोबस्त मिसल आणि अधिकार अभिलेख. जात पडताळणीसाठी आपल्यापैकी अनेकांनी या नकला काढल्या आहेत. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा आणि इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, म्हणून लोक तहसील कचेरीत हेलपाटे घालतात. ज्यांच्याजवळ अशा नकला आहेत त्यांनी काम झाल्यावर त्या फेकू नयेत. त्यांत आजोबा-पणजोबांची नावे आहेत.

पण या सगळ्या कागदांसाठी एक गोष्ट आधी ठाऊक असावी लागते, ती म्हणजे गावाचे नाव. कोतवाल बुक गावाप्रमाणे असते. आम्हाला तर गावच ठाऊक नव्हते. म्हणून आम्ही चर्चच्या नोंदवह्यांकडे वळलो.

३. चर्चची नोंदवही कशी सुरू झाली?

ट्रेंटच्या महासभेने १५६३ मध्ये ठरवले की प्रत्येक धर्मग्रामात विवाहांची नोंदवही असावी आणि बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता-धर्ममातेची नावे लिहून ठेवावीत. पुढे १६१४ च्या रोमन विधिग्रंथात पाच नोंदवह्या सांगितल्या गेल्या : बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह, मृत्यू आणि पाचवी 'स्तातुस आनिमारुम', म्हणजे धर्मग्रामातील कुटुंबांची नोंद. ही पाचवी वही चर्चची स्वतःची जनगणनाच होती. फादर घरोघर जात, घरात कोण कोण आहे, कोणाला कोणते संस्कार मिळाले आहेत, हे लिहून घेत. आज आपल्या घरी जे कुटुंबपत्रक भरून घेतात, त्याचे मूळ इथे आहे.

पूर्वजांच्या शोधासाठी सर्वांत महत्त्वाचा नियम मात्र अलीकडचा आहे. १९०७ च्या 'ने तेमेरे' या आदेशाने, जो १९०८ च्या पास्काच्या सणापासून लागू झाला, असे ठरले की कोणाचे लग्न झाले की त्याची खबर त्याच्या बाप्तिस्म्याच्या धर्मग्रामाला कळवावी आणि तिथल्या वहीत त्याच्या नावासमोर, समासात, ती लिहावी. आजच्या धर्मविधीसंहितेतही (१९८३) हा नियम आहे. लग्न ठरले की फादर आपल्याकडे बाप्तिस्म्याचा ताजा दाखला का मागतात, हे आता लक्षात येईल. त्यामुळे दोन वह्या एकमेकींकडे बोट दाखवतात. लग्नाच्या वहीत बाप्तिस्म्याचे ठिकाण असते आणि बाप्तिस्म्याच्या वहीत लग्नाचे. एक सापडली की दुसरीचा पत्ता मिळतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नोंद त्याच धर्मग्रामात राहते जिथे संस्कार झाला. माणूस बदलून गेला, नवे चर्च झाले, तरी जुनी ओळ जुन्याच वहीत असते. धर्मप्रांतांच्या सीमाही बदलतात. नागपूर धर्मप्रांत १८८७ साली स्थापन झाला. त्याआधी हा भाग विशाखापट्टणमच्या मिशनखाली होता. नागपूर १९५३ मध्ये महाधर्मप्रांत झाला आणि १९५५ मध्ये त्यातून अमरावती वेगळा निघाला. म्हणून आजचा नकाशा समोर ठेवून जुनी नोंद शोधू नये.

४. रेल्वेने आलेली माणसे

आपल्या भागात बाहेरून आलेले ख्रिस्ती लोक कोणत्या वाटेने आले, हे पाहिले तर शोधाची दिशा कळते. एक वाट छावणीची. कामठीची छावणी १८२१ ची आणि तिथले सैन्य मद्रासचे. त्या सैन्याबरोबर तमिळ आणि तेलुगू ख्रिस्ती कुटुंबे आली. ज्यांच्या घरी 'आम्ही कामठीचे' असे सांगतात, त्यांनी मद्रासच्या बाजूचे कागदही पाहावेत. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत बंगाल, मद्रास आणि मुंबई अशा तीन स्वतंत्र मालिकांत बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या जुन्या नोंदींच्या प्रती जपून ठेवल्या आहेत. त्यांत मुख्यतः युरोपियन आणि अँग्लो-इंडियन लोक सापडतात.

दुसरी वाट रेल्वेची. नागपूरहून पूर्वेकडे जाणारी नागपूर-छत्तीसगड रेल्वे १८८० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत सुरू झाली. १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि तिने हा मार्ग घेतला. १९०३ ते १९०५ च्या दरम्यान गोंदिया-जबलपूर हा छोटा मार्ग झाला आणि गोंदिया जंक्शन बनले. जिथे जंक्शन तिथे ड्रायव्हर, फायरमन, गार्ड, खलाशी, पॉइंट्समन. ही माणसे दर दोन-चार वर्षांनी बदलून जात. एकाच घरात एका मुलाचा बाप्तिस्मा एका स्टेशनावर तर दुसऱ्याचा दुसऱ्याच स्टेशनावर झालेला दिसतो. आपल्याच माणसाची नोंद मिळत नसेल तर त्याच्या भावाबहिणींची शोधावी, असे म्हणतात ते यासाठीच.

५. आमचा शोध

आम्ही गोव्यापासून सुरुवात केली नाही. त्याऐवजी हातात जे होते तिथून मागे जायचे ठरवले. आमच्याजवळ वडिलांचा बाप्तिस्म्याचा दाखला होता. त्यावर आजोबा-आजीचे नाव आणि राहण्याचे ठिकाण होते. त्या ठिकाणच्या धर्मग्रामाला आम्ही पत्र लिहिले. तिथल्या फादरांनी सवड काढून आजोबांच्या लग्नाची नोंद शोधून दिली. त्या नोंदीत आजोबांच्या बाप्तिस्म्याचे ठिकाण होते, रेल्वेमार्गावरचेच दुसरे एक जुने धर्मग्राम. तिथे आजोबांच्या बाप्तिस्म्याची ओळ मिळाली आणि तिच्यात पणजोबा आणि पणजी यांची नावे. आता पणजोबांच्या लग्नाची नोंद हवी होती. ती त्याच वहीच्या जोडीच्या वहीत, १९१७ साली निघाली. पणजोबांच्या बाप्तिस्म्याचे ठिकाण त्यात लिहिलेले होते. ते गोव्यातले नव्हते. विदर्भातल्याच एका मिशनचे होते.

तिथे आम्ही स्वतः गेलो. वही फार जुनी, पाने पिवळी, लिखाण लॅटिनमध्ये. फादरांनी बोट ठेवून वाचून दाखवले. वर्ष १९००. मुलाचे नाव. वय अंदाजे सहा वर्षे. त्यानंतर दोन शब्द : 'पारेंतिबुस इग्नोतिस'. म्हणजे आईवडील अज्ञात. त्याखाली धर्मपित्याचे नाव, आणि त्याच्यापुढे तो गोव्याचा असल्याचा उल्लेख. त्या धर्मपित्याचे आडनाव तेच होते, जे आज आमचे आहे. समासात, वेगळ्या शाईने, १९१७ च्या लग्नाची नोंद. म्हणजे माणूस तोच, यात शंका राहिली नाही.

त्याच पानावर तशाच आणखी काही ओळी होत्या. तशीच लहान वये आणि तेच दोन शब्द. फादर म्हणाले, "ही दुष्काळातली मुले."

आम्ही बराच वेळ काही बोललो नाही. १९०१ च्या जनगणनेत मध्य प्रांताची माणसे कमी भरली होती, हे आम्ही पूर्वी वाचले होते. त्या कमी भरलेल्या आकड्यात कुठेतरी आमच्या पणजोबांचे आईवडील असावेत. आणि जो मुलगा उरला त्याला कोणीतरी जेवू घातले, वेदीजवळ नेले आणि एका परक्या रेल्वे नोकराने त्याला धर्मपुत्र मानून आपले आडनाव वापरू दिले.

घरी आल्यावर हे आत्याला कसे सांगावे, असा प्रश्न पडला. घरातले काही जण म्हणाले, सांगूच नका, म्हाताऱ्या माणसाला कशाला दुखवायचे. काहींना आपण 'अनाथाचे वंशज' निघालो याची लाज वाटली. हे मान्य केले पाहिजे, की ती लाज थोडी आम्हालाही वाटली. शेवटी सांगितले. आत्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे तो गोव्याचा माणूस आपला कोणी नव्हता?" मग स्वतःच म्हणाली, "नव्हता कसा? नाव त्याचेच तर लावतो आपण." त्या वर्षी नोव्हेंबरच्या चिठ्ठीवर तिने त्या धर्मपित्याचे नाव आमच्या पणजोबांच्या वर लिहायला लावले.

पणजोबांचे जन्मगाव आम्हाला मिळाले नाही. पण आमचे आडनाव कुठून आले, हे मिळाले.

६. नावांविषयी सावधगिरी

आमची चूक अशी झाली होती की आडनावावरून आम्ही वंश ठरवून टाकला. धर्मांतरित कुटुंबांनी धर्मपित्याचे, कधी बाप्तिस्मा देणाऱ्या फादरांच्या देशातले नाव घेतल्याची उदाहरणे गोवा, वसई आणि मुंबईकडे पुष्कळ आहेत. म्हणून आडनाव हा एक धागा समजावा. तो शेवटचा पुरावा नव्हे.

कधीकधी नावात गावही दडलेले असते. मराठीत 'ख्रिस्तपुराण' (१६१६) लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स यांचेच पाहा. ते २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्याला पोहोचले आणि १६१९ मध्ये वारले. पोर्तुगीज कागदांत ते 'एस्तेव्हांव' होतात, तर काही ठिकाणी त्यांचे नाव 'बुस्तेन' असे येते. वाचणाऱ्याला वाटेल हा कोणी दुसराच. पण बुस्तेन म्हणजे इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यातले बुश्टन हे त्यांचे गाव. आपल्याकडे जसे गावावरून आडनाव पडते तसेच हे.

जुन्या वहीत वाचताना पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

• लॅटिनमध्ये नावे बदलतात. 'योआन्नेस' म्हणजे जॉन, जुआंव किंवा योहान. 'याकोबुस' म्हणजे जेम्स, जेकब किंवा तियागो. 'गुलिएल्मुस' म्हणजे विल्यम. 'लुदोविकुस' म्हणजे लुईस. 'फिलियुस' म्हणजे मुलगा, 'फिलिया' म्हणजे मुलगी, 'पात्रिनुस' म्हणजे धर्मपिता.

• महिन्यांचे संक्षेप फसवतात. ७ या आकड्यापुढे 'ब्रिस' लिहिले असेल तर तो जुलै नव्हे, सप्टेंबर होय. लॅटिनमध्ये 'सेप्तेम' म्हणजे सात. तसेच ८ म्हणजे ऑक्टोबर, ९ म्हणजे नोव्हेंबर आणि १० म्हणजे डिसेंबर.

• नागपूर मिशनमधले जुने फादर बहुतेक सव्हॉयकडचे, फ्रेंच बोलणारे होते. मराठी नाव त्यांनी आपल्या कानाला ऐकू आले तसे रोमन लिपीत लिहिले. 'श' साठी इंग्रजीत जी अक्षरे 'च' साठी लिहितात ती येऊ शकतात. म्हणून नाव डोळ्यांनी वाचण्यापेक्षा मोठ्याने उच्चारून पाहावे.

• वयावर फार विसंबू नये. आपल्या जनगणनेतही लोक आपले वय वीस, पंचवीस, तीस असे पूर्णांकात सांगत आले आहेत. वहीतले 'अंदाजे सहा' हे पाचही असेल, आठही असेल.

• एकसारखे नाव म्हणजे तोच माणूस, असे समजू नये. नावाबरोबर आई किंवा वडील, पत्नी किंवा धर्मपिता, यांतला निदान एक दुवा जुळला पाहिजे.

७. दूर गेलेल्यांचा कागद

कागदात नाव लिहिलेले असले म्हणजे काय घडते, याचे एक उदाहरण मॉरिशसचे आहे. १८३४ पासून पुढे कराराने मजुरीला गेलेल्या हिंदी लोकांत कोकणातली मराठी माणसेही होती. तिथे उतरलेल्या प्रत्येकाला क्रमांक मिळे आणि वहीत त्याचे नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव, जहाज असे लिहिले जाई. पुढे पुढे छायाचित्रही काढले जाई. या वह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत आणि २०१५ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक स्मृतिठेव्यात स्थान दिले. मळ्याच्या मालकांना मजूर हिशेबात ठेवायचे होते, म्हणून त्या लिहिल्या गेल्या. आज त्याच वह्यांवरून तिथली मराठी घराणी आपले मूळ गाव शोधून काढतात. लिहिणाऱ्याच्या मनात नसलेले कामही नीट लिहिलेला कागद करून जातो.

८. बायबलमध्ये नोंदी

बायबलमध्ये या दोन्ही गोष्टी आहेत, मोजणीही आणि नावांची यादीही. लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात कैसराच्या हुकमाने नावनोंदणी होते आणि तिच्यासाठी योसेफ व मरिया बेथलेहेमला जातात. मत्तयच्या पहिल्या अध्यायात प्रभू येशूची वंशावळ आहे. ती वाचताना आपण कंटाळतो, पण तिच्यात तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची पत्नी यांचीही आठवण ठेवली आहे. त्यांतल्या प्रत्येकीच्या आयुष्यात एखाद्या घराण्याने झाकून ठेवले असते असे काही होते. शुभवर्तमानकाराने ते झाकले नाही. आणि ज्या योसेफापर्यंत ती वंशावळ येते, त्याने येशूला आपले नाव दिले आणि वाढवले. आमच्या वहीतल्या त्या धर्मपित्याचा विचार करताना आम्हाला योसेफ आठवतो.

एज्राच्या दुसऱ्या अध्यायात दुसरी एक घटना आहे. बाबेलहून परतलेल्या काही याजक कुटुंबांनी आपल्या वंशाची नोंद शोधली, पण ती सापडली नाही आणि त्यामुळे त्यांना याजकपणातून दूर ठेवले गेले. बाप्तिस्म्याच्या वहीत तसे घडत नाही. 'आईवडील अज्ञात' असे लिहिलेला मुलगा आणि मोठ्या घरातला मुलगा एकाच पानावर, एकाखाली एक येतात आणि दोघांची ओळ सारख्याच शब्दांनी सुरू होते. पणजोबांचे गाव न मिळाल्याचे आमचे दुःख हे पाहिल्यावर हलके झाले.

९. आपण काय करावे?

१. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाशी बोलावे आणि तो सांगेल ते तारखेसह लिहून ठेवावे. ते खरे की खोटे, हे नंतर पाहावे. आमच्या आत्याच्या 'गोव्या'तही खरे काहीतरी होते.

२. घरातील दाखले, मृत्युपत्रिका, रेल्वेची पेन्शनची कागदपत्रे, जुन्या प्रार्थनापुस्तकांची कोरी पाने आणि कबरीवरचे दगड आधी पाहावेत.

३. स्वतःपासून मागे जावे आणि एकही पिढी ओलांडून उडी मारू नये.

४. लग्नाच्या नोंदीत बाप्तिस्म्याचे ठिकाण आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीत समासातील मजकूर, हे न चुकता पाहावे.

५. दुसऱ्या धर्मग्रामाला लेखी विनंती करावी. नाव, अंदाजे वर्ष, आईवडिलांचे नाव आणि आपले नाते स्पष्ट लिहावे. उत्तरासाठी तिकीट लावलेले पाकीट पाठवावे आणि धीर धरावा.

६. वहीत इतरांच्याही खासगी गोष्टी असतात. परवानगीशिवाय छायाचित्र काढू नये आणि दुसऱ्याच्या घरचे जे दिसेल ते बाहेर बोलू नये.

७. जे सापडेल ते स्वीकारण्याची तयारी ठेवून वही उघडावी.

८. आजची नोंद नीट द्यावी. बाप्तिस्म्याच्या अर्जावर आईचे माहेरचे नाव, मूळ गाव आणि धर्मपिता-धर्ममातेचे पूर्ण नाव लिहावे. कुटुंबपत्रक घाईघाईत भरू नये. आज लिहिलेली ओळ शंभर वर्षांनी कोणाचे तरी पणतू वाचणार आहेत.

विचार करण्यासाठी प्रश्न

• आपल्या घरात कोणत्या पूर्वजाविषयी बोलणे टाळले जाते? का?
• आपले धर्मपिता आणि धर्ममाता कोण? आपण त्यांना शेवटचे कधी भेटलो, किंवा त्यांच्यासाठी प्रार्थना कधी केली?
• आपण ज्यांचे धर्मपिता-धर्ममाता आहोत, त्यांच्यासाठी नावापलीकडे काय केले?

प्रार्थना

हे पित्या, ज्यांची नावे आम्हाला ठाऊक आहेत आणि ज्यांची कोणालाच ठाऊक नाहीत, त्या आमच्या सर्व पूर्वजांना तुझ्याजवळ शांती दे. ज्या परक्यांनी आमच्या घरच्या मुलांना आपले मानले, त्यांना त्याचे फळ दे. आणि आज आमच्या दारी येणाऱ्या निराधार मुलाला ओळखण्याची बुद्धी आम्हाला दे. आमेन.